शिकारीपूर्वीची शिकार



शिकारीच्या गोष्टी आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेल्या आहेत. त्या गोष्टींची एक ठरलेली रीत असते. शिकारी रानात शिरतो, पाला सळसळतो, बार उडतो, जनावर कोसळते. आणि शेवटी त्या जनावराशेजारी बंदूक टेकून शिकाऱ्याचे छायाचित्र निघते. या रीतीत एक गोष्ट हरवून जाते. ती म्हणजे बार उडण्यापूर्वीचे महिने. पावसाळा सरून रान वाळू लागेपर्यंत शिकारी काय करीत असे, कोणाकडून काय करवून घेत असे, आणि त्या तयारीची किंमत कोण मोजीत असे, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आज ती करावी, असे आम्ही योजिले आहे.

तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदुकीला तेल देणे, मचाण बांधणे, हाकेकरी गोळा करणे या गोष्टी येतात. त्यांत नवल काही नाही. परंतु ज्या शिकारीत हत्यारच जिवंत असते, तेथे तयारीला निराळाच रंग चढतो. कुमाऊंच्या रुद्रदेव राजाने श्येनपक्ष्यांच्या शिकारीवर 'श्यैनिकशास्त्र' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. उन्हाळ्यात ससाण्यांना गारव्यात कसे ठेवावे, जुनी पिसे झडून नवी येईपर्यंत त्यांना काय खाऊ घालावे, याचा विचार त्यात एखाद्या वैद्याच्या बारकाईने केलेला आहे. पण ससाणा झाला तरी पक्षी. तो मुठीवर मावतो. ज्या जनावराचे वजन माणसाच्या जवळपास भरते आणि धावण्यात ज्याची बरोबरी जमिनीवरील दुसरे कोणतेही जनावर करू शकत नाही, त्याला शिकारीसाठी तयार करणे हा केवढा उद्योग असेल, याची कल्पना करावी. हे जनावर म्हणजे चित्ता. आमचा आजचा विषय तोच आहे.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे बिबट्यालाही पुष्कळदा चित्ता म्हणतात. आणि इंग्रज लेखकांनी चित्त्याला 'शिकारी बिबट्या' म्हणून या गोंधळात भरच घातली. वस्तुतः ही दोन जनावरे वेगळी आहेत. बिबट्या झाडीत दबून राहणारा, झाडावर चढणारा, रात्रीचा. चित्ता उघड्या माळाचा, लांब पायांचा, दिवसा शिकार करणारा. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची कडी असतात, चित्त्याचे ठिपके भरीव असतात. आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ ही चित्त्याची हमखास खूण. संस्कृतातील 'चित्रक' हाच शब्द पुढे 'चित्ता' झाला, आणि इंग्रजांनी तोच उचलून आपल्या भाषेत नेला. जगाच्या पाठीवर त्या जनावराला आज आपण दिलेल्या नावाने ओळखतात. जनावर मात्र आपल्याकडे उरले नाही. हे कसे झाले, याचे एक उत्तर आजच्या विषयात दडलेले आहे.

चित्त्याकडून शिकार करविण्याचा आपल्या देशातील सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख दक्षिणेतच सापडतो, ही गोष्ट आपणा मराठी माणसांना जवळची वाटावी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सनाच्या बाराव्या शतकात, ११३०च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असे ज्या ग्रंथात नमूद आहे, तोच हा ग्रंथ. राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून मासे कसे पकडावेत येथपर्यंत सर्व काही त्यात आहे. मृगयेच्या प्रकरणात माणसाळलेल्या हरणाकडून रानातली हरणे फसवून आणण्याची युक्ती आहे, आणि चित्त्याच्या शिकारीचेही वर्णन आहे. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी ही विद्या येथे स्थिर झालेली होती.

तथापि या विद्येचा जमाखर्च मांडून ठेवला तो अकबराच्या दरबाराने. अकबराला पहिला चित्ता १५५५ साली, हुमायूनच्या हयातीत, नजर म्हणून मिळाला. त्याचे नाव फतेहबाज. बारा-तेरा वर्षांच्या त्या मुलाला जो छंद लागला, तो जन्मभर सुटला नाही. अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त चित्त्यांच्या खात्याची जी हकीकत दिली आहे, ती वाचताना आपण एखाद्या सरकारी कचेरीचे दप्तर चाळीत आहोत असे वाटते. चित्त्यांच्या आठ प्रती ठरलेल्या होत्या. पहिल्या प्रतीच्या चित्त्याला रोज ५ शेर मांस, आणि तेथून उतरत शेवटच्या प्रतीला पावणेतीन शेर. बादशहाच्या हुकमाने रविवारी जनावर मारीत नसत. म्हणून शनिवारी दुप्पट शिधा द्यावयाचा. अंगाला खरूज होऊ नये म्हणून वर्षातून एकदा ४ शेर लोणी आणि शेराचा दहावा हिस्सा गंधक, यांचे मलम चोळावयाचे. घोड्यावरून नेल्या जाणाऱ्या चित्त्यामागे तीन माणसे, गाडीतून किंवा डोलीतून जाणाऱ्यामागे दोन. समंद माणिक नावाचा एक लाडका चित्ता तर पालखीसारख्या चौडोलातून मिरवीत नेत, आणि त्याच्यापुढे नगारा वाजे.

हा थाट ऐकून आपल्याला हसू येते. परंतु या पालखीपर्यंत जनावर पोहोचत कसे होते, हे पाहिले म्हणजे हसू थोडे ओसरते.

चित्ता पकडण्याची जुनी पद्धत म्हणजे खोल खड्डा. वर गवताचे झाकण. जनावर आत पडे. पण पुष्कळदा त्याचा पाय मोडे, किंवा ते उडी मारून निसटे. अकबराने खड्डा दोन-तीन गज एवढाच उथळ ठेवून त्याला आपोआप मिटणारे दार बसविले, त्यामुळे जनावराला इजा होईना. एकदा हिवाळ्यात, जोडीच्या दिवसांत, एक मादी अशा खड्ड्यात पडली आणि तिच्या मागे लागलेले सहा नर एकामागून एक आत उतरले. एका दिवसात सात चित्ते हाती आले, असे अबुल फजल मोठ्या कौतुकाने सांगतो. हा प्रसंग आपण ध्यानात ठेवावा, कारण त्याकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे. दुसरी पद्धत झाडांची. काही ठराविक झाडांच्या बुंध्यांशी चित्ते वारंवार येतात, नखे घासतात. तेथे फास मांडून ठेवीत. असे झाड ओळखणे हे दरबाऱ्यांचे काम नव्हे. ते रानात जन्म काढलेल्या पारध्यांचे काम.

येथे कोणी विचारील, एवढा खटाटोप करून मोठे जनावर कशाला पकडावयाचे? बच्चे आणून वाढविणे सोपे नाही का? सोपे आहे, पण निरुपयोगी आहे, असा चित्तेवानांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. चित्त्याचे पिल्लू जन्मतः शिकारी नसते. जवळजवळ दीड वर्ष ते आईबरोबर हिंडते. कळपातले कोणते हरीण हेरावे, किती जवळ जाईपर्यंत दबून राहावे, कोणत्या क्षणी उसळावे, हे ती त्याला शिकविते. ही शाळा माणसाला चालविता येत नाही. म्हणून रानात शिकून तयार झालेला चित्ताच पाहिजे. सारांश, माणूस चित्त्याला शिकार शिकवीत नव्हता. शिकार त्याला येतच होती. माणूस त्याला शिकवीत होता ते माणसाचा सहवास सोसणे.

आणि ते शिक्षण विलक्षण होते. लॉकवुड किपलिंग हे गृहस्थ १८६५ साली मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक म्हणून आले. रुडयार्ड किपलिंगचे ते वडील. हिंदुस्थानातील माणसे आणि जनावरे यांवर त्यांनी १८९१ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात आणि त्या काळच्या इतर वर्णनांत चित्ता माणसाळविण्याची जी रीत आढळते ती अशी. नवा धरलेला चित्ता दोरांनी जखडून बाजेजवळ बांधावयाचा. डोळ्यांवर झापड. मग बायकामुलांनी दिवसभर त्याच्या डोक्यापाशी बसून बोलत राहावयाचे. विषय कोणताही चालेल. बोलणे थांबता कामा नये. भांडण असले तर उत्तमच! बायकामुलांच्या अखंड बडबडीपुढे कोणतेही जनावर नमते, असा विनोद त्या वस्तीत प्रचलित होता. विनोद सोडून देऊ. त्यामागचे धोरण पक्के होते. रानात ज्या आवाजाने चित्ता पळत सुटतो, त्या आवाजाचा त्याला इतका सराव व्हावा की तो ऐकू येईनासाच व्हावा.

पुढची पायरी बाजाराची. माणसांची गर्दी, कुत्र्यांचे भुंकणे, गाड्यांची खडखड या सर्वांमधून त्याला दोन्ही बाजूंनी दोर धरून फिरवीत. खाणे नेहमी एकाच माणसाच्या हातून आणि लाकडी पळीतून द्यावयाचे. म्हणजे पळी दिसली की अन्न, ही गाठ त्याच्या मनात बसते. रात्री चित्तेवान त्याच्या शेजारीच निजे. एका बाजेवर, एका पांघरुणात. थंडीच्या सकाळी पांघरुणातून आधी माणूस उठावा आणि मागोमाग आळोखेपिळोखे देत चित्ता बाहेर यावा, असे दृश्य किपलिंगसाहेबांनी रंगविले आहे. या शिक्षणाला पूर्वी दोन-तीन महिने लागत. अकबराच्या देखरेखीखाली ते अठरा दिवसांत होऊ लागले, असे 'आईन' म्हणते. दरबारी स्तुतीचा भाग वजा केला तरी, ज्याच्या नुसत्या वाऱ्याने हरणांचा कळप उधळतो ते जनावर थोड्या अवधीत माणसाच्या बाजेवर निजू लागे, हे खरे.

एवढी तयारी झाली की हंगाम सुरू. प्रत्यक्ष शिकार फार थोडा वेळ चाले. चित्त्याला बैलगाडीवर बसवून माळावर न्यावयाचे. काळवीट माणसाला भिते, पण शेतकऱ्याच्या गाडीला फारसे भीत नाही. तेव्हा गाडी वळसे घेत कळपाजवळ जाई. झापड काढले की चित्त्याला कळप दिसे. तो उतरे, दबत पुढे सरके, आणि मग एकच धाव. त्या धावेत काळवीट सापडले तर सापडले. नाही तर चित्ता धापा टाकीत खाली बसे आणि त्या दिवशी पुन्हा उठण्याचे नाव घेत नसे. सापडले, तर तो त्याचा गळा धरून राही. चित्तेवान धावत येई, हरणाचे रक्त लाकडी पळीत धरून त्याच्या तोंडाशी नेई. चित्ता पळीकडे वळला की शिकार काढून घ्यावयाची आणि डोळ्यांवर पुन्हा झापड. महिन्यांची तयारी आणि मिनिटभराचा खेळ!

तयारी कोणत्या परिस्थितीसाठी केली आहे, यालाही महत्त्व असते. मद्रासचे गव्हर्नर जॉर्ज पिगट यांनी इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाला एक चित्ता आणि त्याच्याबरोबर हिंदी चाकर पाठविले. १७६४ साली विंडसर येथे जाळ्यांचे कुंपण करून त्यात एक भलाथोरला सांबरासारखा नर उभा केला आणि चित्त्याला त्याच्यावर सोडले. नराने शिंगे रोखली, आणि हिंदुस्थानच्या त्या नामांकित शिकाऱ्याने माघार घेतली. मग तो कुंपण ओलांडून रानात पळाला आणि तेथे आपल्या पसंतीचे एक लहान हरीण मारून खात बसला! जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने या प्रसंगाचे चित्र काढले. ते आज मँचेस्टरच्या चित्रसंग्रहात आहे. त्यात चित्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या अंगरख्यांतले दोन हिंदी चित्तेवान उभे आहेत. एकाने त्याचा पट्टा धरला आहे, दुसरा हरणाकडे बोट करीत आहे. त्या चित्रात राजा नाही. ज्यांच्या हातात विद्या होती, ते दोघे मात्र आहेत.

आता आम्ही मघाच्या खड्ड्याकडे वळतो. एक मादी आणि सहा नर. अबुल फजलाला त्यात सात चित्ते मिळाल्याचा आनंद दिसला. आपण त्यात काय पाहावे? त्या दिवशी त्या मुलखातून एक मादी आणि तिचे सारे उमेदवार नाहीसे झाले. तिला त्या वर्षी जी पिल्ले झाली असती, ती झाली नाहीत. बंदिखान्यात तरी होतील म्हणावे, तर तसेही नाही. चित्ता माणसाच्या घरी खातो, निजतो, शिकार करतो; संसार मात्र करीत नाही. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो की, वडिलांनी एका वेळी हजार चित्ते जमविले होते, त्यांची जोडी जमावी अशी त्यांची फार इच्छा होती, परंतु ते कधी साधले नाही. १६१३च्या सुमारास जहांगीराच्या पदरी एक मादी व्याली आणि तिला तीन पिल्ले झाली; ही गोष्ट त्याला इतकी अपूर्व वाटली की त्याने ती मुद्दाम नोंदवून ठेवली. बंदिवासातल्या चित्तिणीला पिल्ले झाल्याची त्यानंतरची नोंद १९५६ची आहे, तीही अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मध्ये साडेतीनशे वर्षे गेली.

याचा हिशेब उघड आहे. घोडा पागेत वाढतो, हत्ती क्वचित का होईना पिलखान्यात विततो. चित्तेखान्यात मात्र प्रत्येक रिकामी जागा रानातूनच भरावी लागे. अकबराच्या साऱ्या कारकिर्दीत नऊ हजार चित्ते जमविले गेले, असा आकडा सांगतात. तो फुगविलेला मानला, निम्मा केला, तरी काय उरते ते पाहावे. आणि हा केवळ एका दरबाराचा खप. त्याच्यामागे राजपूत होते, नबाब होते, म्हैसूरचा टिपू होता. बडोद्याचे गायकवाड आणि कोल्हापूरचे छत्रपती यांच्या पदरीही चित्ते होते. चित्त्याला शत्रू समजून मारणारे थोडे. बहुतेकांनी त्याला लाडाने धरला, लोण्याने चोळला, झुली घातल्या आणि त्याचा वंश खुंटविला.

चित्ता केवळ याच एका कारणाने संपला, असे आमचे म्हणणे नाही. माळराने नांगराखाली गेली, काळविटांचे कळप ओसरले, इंग्रजी अमलात काही भागांत चित्ता मारणाऱ्याला इनाम मिळू लागले, मेंढपाळांचाही त्याच्यावर राग होता. परंतु या साऱ्याच्या आधी शतकानुशतके हंगामाच्या तयारीने त्या जातीतील धडधाकट जनावरे वेचून नेली होती. शिकारीने जनावरे संपतात, हे आपण जाणतो. शिकारीच्या तयारीने, आणि तेही जे जनावर मारावयाचेच नाही ते संपते, ही गोष्ट इतिहासात फारशी कोणी मांडली नाही.

याचा शेवटचा अंक आपल्या कोल्हापुरात घडला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापर्यंत देशात धरावयाला चित्ता मिळेनासा झाला. पण संस्थानिकांचा शौक होता, माळावर काळवीट होते, आणि विद्या जाणणारे चित्तेवान होते. तेव्हा चित्ते आफ्रिकेतून बोटीने येऊ लागले. १९१८ ते १९४५ या काळात निदान दोनशे चित्ते अशा रीतीने हिंदुस्थानात आले. कोल्हापूर आणि भावनगर ही त्यांची मुख्य गिऱ्हाइके. आफ्रिकेच्या गवतात वाढलेले जनावर करवीरच्या माळावर झापड काढून उभे राही, आणि मराठी बोलणाऱ्या माणसाच्या हातची पळी ओळखू लागे. जनावर संपले होते. तयारी शिल्लक होती.

ज्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. चित्ता धरणे, हरणांना फास मांडणे, शिकविलेल्या गाईच्या आडून कळपाजवळ जाणे, ही सारी पारधी जमातीची विद्या. दरबारी हवी तेव्हा ती कौतुकाची होती. दरबाराबाहेर तिला मोल नव्हते. इंग्रज सरकारने १८७१ साली जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याखाली पारध्यांच्या कित्येक गटांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. राजर्षी शाहू छत्रपतींनी फासेपारध्यांना जवळ करून पहाऱ्याच्या चाकरीत घेतले, ही गोष्ट त्या पार्श्वभूमीवर विशेष मोठी वाटते. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. आणि चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले तेही १९५२ सालीच. एकाच वर्षी सरकारी दप्तराने पारध्याला मोकळे केले आणि त्याच्या हातातल्या जनावराचे नाव खोडले.

शेवटच्या चित्त्यांची हकीकत तर आमच्या विषयाची उलटी बाजूच आहे. १९४७ साली मध्य हिंदुस्थानातील कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रतापसिंह देव यांनी रात्री मोटारीच्या उजेडात एकत्र बसलेले तीन चित्ते गोळी घालून मारले. त्यांची नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. येथे कसलीच तयारी नव्हती. ना खड्डा, ना बाज, ना पळी, ना वर्षांची ओळख. एक दिवा, एक रायफल आणि थोडी मिनिटे. जुन्या तयारीने चित्त्याला हजार वर्षे पोखरले. नव्या शिकारीला तयारीची गरजच उरली नव्हती.

ही कथा येथे संपली असती. परंतु १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ चित्ते मध्यप्रदेशातील कुनोच्या रानात आणले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी १२ आले. त्यांतील काही दगावले, काहींची पिल्लेही गेली; त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्या रानात पिल्लांचा जन्मही झाला. आमचे लक्ष वेधते ते त्यांच्या तयारीकडे. आधी लहान कुंपणात वेगळे ठेवणे, मग मोठ्या कुंपणात सोडून शिकार करतो की नाही हे पाहणे, मग मोकळे रान. आज माणूस पुन्हा चित्त्याची तयारी करीत आहे; फक्त दिशा उलटी आहे. पूर्वी माणसावाचून जगणाऱ्याला माणसाजवळ आणीत. आता त्याला माणसावाचून जगता यावे, यासाठी माणूस खपत आहे. आणि हे काम अठरा दिवसांत होण्यासारखे नाही, याचा अनुभव आपण घेतच आहोत.

जुन्या चित्तेवानांचे कसब थोर होते, यात आम्हांला शंका नाही. ज्या धीराने त्यांनी एका रानटी जीवाच्या शेजारी रात्री काढल्या, त्या धीराला आम्ही नमस्कार करतो. परंतु कसब थोर असले म्हणजे त्याचा परिणामही चांगलाच असतो, असे नव्हे. रेहेकुरीच्या अभयारण्यात आजही काळवीट पाहावयास मिळतात. सुटीत मुलांना घेऊन तेथे जावे. एखादे काळवीट कारण नसता एकदम उसळून पळत सुटते. ज्याच्यापासून पळण्यासाठी निसर्गाने त्याला एवढा वेग दिला, तो तेथे नाही. मुलांनी विचारले, तर तो कोठे गेला ते त्यांना सांगावे; आणि त्याला बंदुकीने मारण्यापूर्वी कितीतरी आधी आपण त्याला पालखीत बसविले होते, हेही सांगावे.